हिरवं बटण मीच दाबलं

चहा घ्या आधी. बिनसाखरेचा आहे, तोंड वाकडं करू नका. साखर का नाही हे सांगायला बसले तर माझी सगळी अक्कल चव्हाट्यावर येईल. पण एवढ्या लांबून शहापूरला आलाच आहात, तर ऐकूनच जा. हसू आलं तर खुशाल हसा. मीही मधेमधे हसते.

गोष्ट आमच्या घरच्यांची आहे. घरचे म्हणजे माझे यजमान. नाव विचाराल तर सांगणार नाही, निदान आत्ता तरी नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा एकदा उखाण्यात घेतलं, तेही ओठातल्या ओठात. त्यानंतर चाळीस वर्षं 'हे' आणि 'अवो' एवढ्यावर संसार केला. जनगणनेचा माणूस आला की मी शेजारणीला हाक मारायची. ती माझ्या नवऱ्याचं नाव सांगायची, मी तिच्या नवऱ्याचं. दोघींचंही काम भागायचं.

भासऱ्यांच्या बाबतीत तर नियम त्याहून कडक. भासरे म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहतात. त्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्यासमोर पदर डोक्यावरून ढळू द्यायचा नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते भिंतीला सांगत. "बैल सोडला म्हणावं." भिंत ऐकायची, मीही ऐकायची.

आणखी एक. हे पोस्टमन होते. तीस वर्षं सायकलवरून गावोगावी टपाल वाटलं. एवढी गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, म्हणून तर हसं झालं.

तर झालं काय, श्रावणात इथल्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. साठीच्या पुढच्या पुरुषांचं फुकटात रक्त घेतलं. दोघा भावांनीही दिलं. रिपोर्ट मात्र भंडाऱ्याच्या लॅबमधून आणायचे होते. भाऊ दोघंही धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात गुंतलेले, म्हणून आम्ही दोघी जावा निघालो. जाऊबाई वयानं मोठी, पण तिला अक्षर ओळखू येत नाही. मी सातवी पास. तेव्हा शहाणी कोण हे ऑटोत बसतानाच ठरलं होतं.

लॅबमध्ये गेलो तर काउंटरवरची मुलगी मान वर करायला तयार नाही.

"काकू, रिपोर्ट त्या मशीनीतून घ्या."

"मले नाही येत बाई ते."

"सोपं हाय. आकड्यायखाली अक्षरं हायेत, पाहा. आडनावाची दोन-तीन अक्षरं दाबा. बाकीचं नाव मशीन सोताच पुरं करते. नाव आलं का हिरवं बटण दाबा. एक कागद निघाला का दुसऱ्या खेपेले पुढचं नाव येते."

दाराजवळ कपाटाएवढी पेटी होती. वर छोटा पडदा, खाली फोनसारखे आकडे, आणि एकेका आकड्याखाली चार-चार अक्षरं दाटीवाटीनं बसवलेली. मला ते फार आवडलं. का आवडलं ते सांगू? नाव तोंडानं घ्यायचं नाही, पुरतं लिहायचंही नाही. आडनाव लांजेवार, ते तर माझंही आहे. ते दाबायला कोणाची बंदी? पुढचं जे काही नाव, ते मशीन घेणार. पाप लागलंच तर मशीनला लागेल.

मी तीन बटणं दाबली. पडदा लुकलुकला. आता खरी अडचण आली. पडद्यावर ह्यांचं नाव मोठ्या मराठी अक्षरात येणार. आलं की वाचलं जाणार, आणि वाचलं म्हणजे मनातल्या मनात घेतलंच की. तेही जाऊबाईसमोर. मी मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत चाचपून हिरवं बटण दाबलं. जाऊबाईला तर वाचताच येत नाही, पण तिनंही खबरदारी म्हणून डोळ्यांवर पदर ओढला.

घर्र करून कागद निघाला. तो माझा.

मग पुन्हा आडनाव, पुन्हा कॅलेंडर. ह्या वेळी तर भासऱ्यांचं नाव येणार म्हणून मी मान आणखीच वळवली. पुन्हा हिरवं बटण. दुसरा कागद निघाला, तो जाऊबाईचा. मागे उभा असलेला माणूस आम्हा दोघींकडे आ वासून बघत होता. मला वाटलं, बाई मशीन चालवते ह्याचं त्याला कौतुक वाटत असेल.

कागद सगळे इंग्रजीत. परत येताना हायवेवरच्या मेडिकलवाल्याला दाखवले. त्यानं वरचं काही बघितलं नाही, सरळ आकड्यावर बोट ठेवलं.

"हे कोणाचं हाय?"

"माह्या घरचं," मी म्हणाले.

"शुगर हाय काकू, लय वाढली हाय. गोड बंद, भात कमी. डॉक्टरले दाखवा." दुसऱ्या कागदाकडे बघून तो जाऊबाईला म्हणाला, "हे मस्त हाय. काही चिंता नाही."

मी दुकानाच्या पायरीवरच बसले. जाऊबाई बिचारी मला धरून घरापर्यंत घेऊन आली. तिचा चेहरा इतका ओशाळलेला, जणू तिनंच आमच्या घरात साखर आणून सांडली.

ह्यांच्या हातात कागद दिला आणि मी रडायला लागले. त्यांनी चष्मा लावला. कागद वाचला. माझ्याकडे बघितलं. परत कागद वाचला. मग नीट चार घड्या घालून खिशात ठेवला. मला वाटलं, घाबरले.

"रडतेस काहून?" ते म्हणाले. "मी उद्या दादाले घेऊन भंडाऱ्याले जातो. डॉक्टरले दाखवतो."

"भासऱ्यायले कायले तरास? मी येतो न," मी म्हणाले.

"तू राहाय. दादा हाय सोबत."

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ गेले आणि गोळ्या घेऊन आले. डॉक्टरांनी काय सांगितलं विचारलं, तर म्हणाले, पथ्य, चालणं आणि रोज सकाळी एक गोळी, पण चालून झाल्यावर.

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी कोतवालीण झाले. गुळाचा डबा फळीवरच्या टोपल्यामागे गेला. आमच्या भागात माणूस भातावर जगतो, आणि मी त्यांच्यासमोर ज्वारीची भाकर ठेवायला लागले. जेवण झाल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकायची त्यांची जन्माची सवय. जेवून हात धुतला की हात आपोआप फळीकडे जायचा. मी नुसता घसा खाकरायची. हात परत यायचा.

आणि फिरणं. रोज सकाळी गावामागच्या बोडीपर्यंत, म्हणजे लहान तळ्यापर्यंत आम्ही दोघं जायचो. आधी मी मागून चालत होते, जशी चाळीस वर्षं चालले तशीच. पण तिसऱ्याच दिवशी मला संशय आला की हे पुढे चालताना तोंडात काहीतरी टाकतात. मागून कसं दिसणार? मग मी त्यांच्या बाजूनं चालायला लागले. गावातल्या बायांनी बघितलं. मी म्हटलं, बघा मेल्यांनो, शुगरचं काम आहे.

बाजूनं चालताना माणूस बोलतो, हे मला साठीजवळ आल्यावर कळलं. हे एकेका घराकडे बोट करून सांगायचे, इथे कोणाची तार आली होती, तिथे कोणाची नोकरीची चिठ्ठी. एका कौलारू घरापाशी थांबून म्हणाले, "इथं एक म्हातारी राहे. पोरगा फौजेत. त्याच्या पत्रात नुसतं 'मी बरा आहे' एवढंच राहे. मी वाचून दाखवताना दोन ओळी माह्या टाकू."

"काय टाकत होते?"

"का बा, तुझ्या हातची भाजी आठवते म्हणून. म्हातारी दिवसभर खुश राहे."

"खोटं बोलत होते म्हणा की."

"आपलं काम पोचवाचं," ते म्हणाले. "काय पोचवाचं, काय नाही, ते पाहून घ्या लागते."

परतताना भासऱ्यांचं घर लागायचं. तिथे हे रोज पाच मिनिटं आत जायचे. चालून तहान लागली, दादाकडे पाणी पितो आणि गोळीही घेतो, असं म्हणायचे. भासरे ओसरीवरच बसलेले असायचे, म्हणून मी बाहेर पदर घेऊन लिंबाखाली उभी राहायची. भासऱ्यांसमोर आत कशी जाऊ?

इकडे भासऱ्यांनीही चहातली साखर सोडली. जाऊबाई कौतुकानं सांगत आली, "शकुन, हे म्हणते का धाकट्याले गोड नाही, तं मले बी नाही." मी तर हरखूनच गेले. गावात ज्याला त्याला सांगितलं, भाऊ असावा तर असा. बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं. दोन बाया तर ऐकून रडल्याही.

आता लाज वाटते ती गोष्ट सांगते. घरातलं गोड कुठे जात होतं? पोळ्याला पुरणपोळी केली. बैलांच्या नैवेद्याला करावीच लागते. ह्यांच्या वाट्याच्या पोळ्यांचं काय करायचं? अन्न टाकवत नाही. मी चुलीकडे तोंड करून त्यांना पाठमोरी बसायची आणि खाऊन टाकायची. जेवणानंतरचा गुळाचा खडा, त्यांचाही माझ्याच तोंडात. भातही दोघांचा शिजवायची हाताला सवय, उरलेला कोणी संपवायचा? मनाला समजावायची की त्यांच्यासमोर दिसायला नको म्हणून मी हे संपवते आहे. तीन महिने मी त्याग करत होते. माझ्या पोलक्याची शिवण उसवायला लागली एवढा त्याग.

दिवाळीला अनारसे केले. हे स्वयंपाकघराच्या दारात पाटावर येऊन बसले. तळणाचा वास घरभर सुटला होता.

"अर्धा दे," ते म्हणाले.

"नाही."

"तुह्या हातचा म्हणून मांगतो. पाव दे."

"डॉक्टरनं काय सांगितलं?"

ते हसले. "बरं. तू खाय. मी पाहतो."

मी खाल्ला. त्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ला, आणि वरून म्हणाले की तूप जरा कमी पडलं आहे.

दिवाळीनंतर पंधरा दिवसही झाले नसतील. सकाळी फिरायला निघायचं म्हणून हे चपला घालून ओट्यावर बसले. थंडी पडली होती, मी म्हटलं थांबा, मफलर आणते. आत जाऊन मफलर काढून बाहेर येईपर्यंत असा किती वेळ लागतो? ते भिंतीला टेकून बसलेले होते. पायात चपला तशाच. डॉक्टर आले, म्हणाले हृदय बंद पडलं, शुगरशी ह्याचा काही संबंध नाही. मी विचारलं, मग पथ्य नसतं केलं तरी चाललं असतं का? त्यांनी बॅग उचलली. मला त्या दिवशी माणूस गेल्याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त तो पाव अनारसा घशात अडकून बसला होता. अजूनही तो तिथेच आहे.

तेरवी झाली. पाहुणे गेले. मी आणि जाऊबाई मागच्या खोलीत बसलो होतो. दारात भासरे येऊन उभे राहिले. मी पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. वाटलं, भिंतीला काही सांगायचं असेल.

"बाई," ते म्हणाले. मला म्हणाले. "मी तुमच्याशी कधी बोललो नाही. आज बोलून राहिलो."

जाऊबाई उठून उभी राहिली. मी मान वर करू शकले नाही.

"तो शुगरचा कागद माहा होता. त्याचा नाही."

मी पदराआडून जाऊबाईकडे बघितलं.

"त्यानं पहिल्याच दिवशी वाचला. तीस वर्स पोस्टमन होता तो. हातात कागद आला का पहिले नाव वाचे. मले भंडाऱ्याले नेलं, माह्यासाठी गोळ्या घेतल्या. रोज सकाळी येऊन माह्या हातावर गोळी ठेवे."

म्हणजे पेन्शनीत गेल्यावरही ह्यांचं टपाल चालूच होतं, आणि मी बाहेर लिंबाखाली सायकलसारखी उभी होते.

जाऊबाई नवऱ्यावर कडाडली, "अन् घरात कोणाले सांगितलं नाही? ते बाई त्याले भाकर खाऊ घालून राहिली होती."

"म्या म्हटलं त्याले, अरे घरी सांग. तं म्हणे, दादा, चाळीस वर्स ते माह्या मांगं चालली. आता बाजूनं चालून राहिली. दिवसभर माह्याकडे पाहत राहते. चालू दे काही दिवस. दिवाळी झाली का सांगीन म्हणे." भासऱ्यांनी चौकटीला हात टेकवला. "म्या त्याले लाडू देल्ला तर त्यानं खाल्ला नाही. म्हणे, इथं खाईन तं तिच्याशी खोटं बोलनं पडते. तिच्या हातचं भेटलं तं खाईन."

आता सांगा, ह्यावर मी काय बोलणार होते? माझी चूक झाली म्हणून ओरडावं तर ज्याच्याकडे ओरडायचं तो त्यात खुश होता. त्यांच्यावर रागवावं तर ते ऐकायला नाहीत. मी नुसती पदरात तोंड घालून बसले. रडले, खूप रडले, आणि मधेच ते बचत गटातल्या बायांचं आठवून मला हसूही आलं. भासऱ्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. ते घाईघाईनं पाणी आणायला गेले.

पुढे माघात मला सारखी तहान लागायला लागली. घसा कोरडा, पायात जीव नाही. जाऊबाई म्हणाली, दुःखानं होते. पण मग तीच मला घेऊन भंडाऱ्याला गेली. त्याच लॅबमध्ये रक्त दिलं. दोन दिवसांनी रिपोर्ट घ्यायला एकटीच गेले, आणि त्याच मशीनसमोर उभी राहिले.

आडनावाची तीन बटणं दाबली. ह्या वेळी मान वळवली नाही. वरती भासऱ्यांचं नाव आलं. म्हणजे त्या दिवशीही तेच वर होतं. मी एकदा डोळे उघडून बघितलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. आणि मग ते बाजूनं चालणंही झालं नसतं. मी यादी खाली सरकवायचं बटण दाबलं. दुसरं नाव आलं.

हे गेल्याचं मशीनला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी माणूस अजून होता.

"देवाजी," मी वाचलं. मोठ्यानं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, "देवाजी लांजेवार." मागच्या बाईनं विचारलं, "तुमचं काय हो?" मी म्हटलं, हो, माझंच. आणि हिरवं बटण दाबलं. कागद निघाला. मग खाली माझं नाव होतं, त्याचाही कागद काढला.

हायवेवर उतरून मेडिकलवाल्याकडे गेले. दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले. त्यानं पहिल्यासारखंच वरचं काही बघितलं नाही, आकड्यांवर बोट ठेवलं.

"हे मस्त हाय काकू," तो पहिल्या कागदाला म्हणाला. "यायले काही पथ्य नाही. सगळं खाऊ द्या." मग दुसरा कागद उचलला. "अन् हे कोणाचं हाय? याचं गोड बंद करा आजच्या आज."

म्हणून हा चहा असा आहे. तीन महिने मी त्यांच्या वाट्याचं गोड खाल्लं, ते शेवटी माझ्याच अंगी लागलं. आता मीही बोडीपर्यंत चालायला जाते. रस्त्याच्या एका कडेनं चालते, दुसरी बाजू मोकळी ठेवते. गुळाचा डबा पुन्हा फळीवरच्या टोपल्यामागे लपवला आहे. पण घसा खाकरणारं कोणी नाही. लपवणारीही मीच, त्यामुळे रोज सापडतो.